पदनाम: अग्निशामक

चौथं पत्र आलं तेव्हा मी एका वकीलबाईंच्या खालच्या कवळीचा साचा ओतत होते. पाकीट मी जिथे कवळ्या बनवते त्या दातांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर येतं, कारण मामाचा घरच्या पोस्टमनवर विश्वास नाही. प्लास्टर घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात मी पाकीट फोडलं आणि ओल्या पांढऱ्या बोटांनी तेच वाक्य चौथ्यांदा वाचलं : "आपण नमूद केलेले 'अग्निशामक' हे पदनाम सदर जहाजाच्या कर्मचारी यादीत आढळत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

निकाली काढण्यात येत आहे म्हणे. निकाल माझा लागत होता.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, वय वर्षं त्र्याऐंशी. चौतीस वर्षं अग्निशमन दलात होता. त्यातली शेवटची बारा वर्षं त्याच्याकडे पाटी होती. आग लागलेल्या इमारतीत शिरणाऱ्या प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला दारात उभ्या असलेल्या पाटीवाल्याकडे द्यायचा. पाटीवाल्याने तो खिळ्याला अडकवायचा, शेजारी खडूने वेळ लिहायची, कोण कुठल्या मजल्यावर गेला ते लिहायचं, आणि माणूस बाहेर आला की बिल्ला परत करून नाव खोडायचं. दलात अजूनही त्याला पाटीवाले म्हणतात. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी त्याच्या चपला दाराकडे तोंड करून जोडीने ठेवलेल्या असतात, स्वयंपाकघरात वाळूची बादली असते, आणि माझ्या घरी आला की पाणी प्यायच्या आधी तो गॅसची नळी वाकून बघतो. नळी बदलून सहा महिने झालेत हे सांगून माझं तोंड दुखलं.

अग्निशमन दलात तो गेला त्याचं कारण त्याचे वडील. ते दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजावर होते. मामा दीड वर्षाचा असताना ते जहाज पाणतीराने, म्हणजे टॉर्पेडोने, बुडालं आणि ते परत आले नाहीत. मामाला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही. माझी आई तेव्हा सात वर्षांची. तिने धाकट्या भावाला जे सांगितलं तेवढेच त्याचे वडील : उंच होते, डावखुरे होते, शीळ चांगली घालायचे आणि बोटीवर फायरमन होते. शाळेच्या रस्त्यावर लाल गाड्यांचं ठाणं होतं. मामा रोज त्या गाड्यांसमोर थांबायचा आणि उशीर झाला म्हणून रोज छड्या खायचा.

आता दलाच्या आवारात एक शिळा आहे. कामावर असताना गेलेल्यांची नावं तिच्यावर कोरली आहेत. त्यातली चार माणसं मामाच्या ओळखीची, दोघांचे बिल्ले त्याच्या पाटीवर राहून गेले. यंदा दलाने ठरवलं की दुसरीकडे कुठेही आग विझवताना गेलेल्या माणसाचं नाव त्याच्या दलातल्या वारसाने पुराव्यासह दिलं, तर तेही शिळेवर घ्यायचं. मामाने परिपत्रक वाचलं, दलात नावाचा अर्ज टाकला आणि त्याच दिवशी मला फोन केला.

"पोरी, तुझ्या आजोबांचं नाव लावायचंय. मी जायच्या आत. कागद आणायचं काम तुझं."

मी सत्तावन्न वर्षांची पोरगी. बरं म्हटलं. तिथेच चुकलं.

त्यानंतर रोज सकाळी सहाला फोन. काय झालं, कुठवर आलं, कोणाला भेटलीस. जसं काही मी शिडी लावून तिसऱ्या मजल्यावर चढले आहे आणि हा खालून विचारतोय. जुन्या नाविक दप्तरात अर्ज केला तर ते म्हणाले बंदर कचेरीत विचारा. बंदर कचेरीने सांगितलं की युद्धातलं काही आमच्याकडे नसतं, ते नाविक दप्तरात. खलाशांच्या संघटनेतले एक गृहस्थ फार गोड बोलले, दीड तास स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलले, आणि शेवटी नाविक दप्तराचा पत्ता दिला. जहाजाचं नाव आईच्या पत्र्याच्या डब्यातल्या एका पाकिटावर होतं, तेवढं एक नशीब. फॉर्म भरला. परत आला. पुन्हा भरला. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मी जोडपत्र जोडलं, चौथ्या वेळी जोडपत्राचं जोडपत्र. दर वेळी उत्तर तेच, फक्त सही करणारा वेगळा.

फॉर्म मामा सांगेल तसा भरायचा, हा नियम. मी पहिल्या खेपेला पदनामासमोर 'फायरमन' लिहायला घेतलं, तर त्याने माझा हात धरला.

"सरकारी कागद आहे. शुद्ध लिही. अग्निशामक."

"मामा, आई फायरमनच म्हणायची."

"तुझी आई चौथी शिकलेली. मी चौतीस वर्षं काय होतो? माझ्या ओळखपत्रावर काय आहे?"

त्याच्या ओळखपत्रावर अग्निशामक आहे. वाद कोण घालणार? मी अग्निशामक लिहिलं, छान वळणदार अक्षरात, चार वेळा.

पाचव्या वेळी मात्र मी फॉर्म टपालात टाकला नाही. दलात पुरावे द्यायची मुदत महिनाअखेर संपत होती आणि माझीही सहनशक्ती त्याच सुमारास संपत आली होती. सुट्टी टाकून मी स्वतः दप्तरात गेले. मनात सगळं भाषण तयार होतं. माणूस बोटीवर होता, बोट बुडाली, तुम्ही म्हणता पद नाही, मग काय तो हवा खायला गेला होता का?

दप्तर म्हणजे एक लांबट खोली. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि खिडकीजवळ एक टेबल, त्याचा एक पाय जुन्या वहीवर टेकवलेला. टेबलामागे एक बाई. एक चष्मा नाकावर, दुसरा केसांत. मी भाषण सुरू केलं. चष्मेवालीने ते पूर्ण ऐकून घेतलं, मग चारही अर्ज मागितले आणि एकावर एक ठेवून वाचले. वाचता वाचता तिने चष्मे बदलले.

"हे अर्ज आमच्याकडे सुरक्षा विभागाच्या गठ्ठ्यात जातात," ती म्हणाली. "जहाजावर तो विभाग युद्धानंतर वीस वर्षांनी आला. मग कोणाला काय सापडणार? याद्या खात्यानुसार लावल्या आहेत. डेकवरचे वेगळे, इंजिनातले वेगळे, स्वयंपाकाचे वेगळे. घरात काय म्हणायचे त्यांना? अग्निशामक कोणी म्हणत नाही घरात."

"फायरमन."

तिने केसांतला चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो बाई, मग तसं लिहायचं ना. बोटीवरचा फायरमन आग विझवत नाही. तो आग घालतो. बॉयलरच्या भट्टीत फावड्याने कोळसा घालणारा माणूस तो. इंजिन खात्यातला."

वीस मिनिटांत तिने वही काढली. वीस मिनिटांत. मी सहा महिने ज्या माणसासाठी खेटे घातले, तो माझ्यापासून तिसऱ्या मांडणीत, कमरेच्या उंचीवर बसून होता.

मला आधी राग आला. मामाचा, त्याच्या शुद्ध भाषेचा, त्याने माझा हात धरला होता त्या क्षणाचा. एका शब्दापायी माझ्या नऊ सुट्ट्या गेल्या आणि दोन कवळ्या उशिरा पोचल्या. मी मनातल्या मनात त्याला इतकं झापलं की चष्मेवालीने पाणी पुढे केलं. पाणी पिताना मात्र दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि राग तिथेच विरला. चौतीस वर्षं. या माणसाने चौतीस वर्षं जळत्या घरांच्या आत आणि दारात काढली, कारण त्याच्या बहिणीने त्याला एक शब्द सांगितला होता आणि दोघांनाही त्याचा अर्थ माहीत नव्हता.

चष्मेवालीने मला दोन कागद दिले. पहिला यादीच्या पानाची शिक्का मारलेली प्रत. त्यावर आजोबांचं नाव, वय एकोणतीस, पदनाम फायरमन, जहाजावर चढल्याची तारीख. 'उतरल्याची तारीख' हा रकाना रिकामा. दुसरा कागद म्हणजे वाचलेल्या एका इंजिनिअरने नंतर दिलेल्या जबानीची नक्कल, दोन परिच्छेदांची. पाणतीर इंजिनाच्या बाजूला लागला, खाली पाळीवर असलेले फायरमन वर आले नाहीत, एवढाच त्यातला मजकूर.

परतताना मी हिशेबी डोक्याने विचार केला. पहिल्या कागदावर फायरमन लिहिलं आहे, शिक्का आहे, सही आहे. दलातल्या समितीला तेवढं पुरे. त्यांच्यातल्या कोणाला बोटीवरच्या फायरमनचा अर्थ ठाऊक असणार? मामालाच नाही. नाव शिळेवर लागेल, तो खुर्चीतून उठून भाषण करेल, ते त्याने पाठ केलेलं आहे आणि मला तीनदा ऐकवलेलं आहे. कोणाचं काय बिघडतं? दुसरा कागद मी पिशवीच्या चेनच्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.

मामा दारातच उभा होता. आधी त्याने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आला?"

"आला."

त्याने टेबलावरचं सगळं उचललं, टेबल पुसलं, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसलं आणि भिंग घेऊन बसला. मी कागद समोर ठेवला. त्याने आधी नाव वाचलं. मग मोठ्याने, एखादं प्रमाणपत्र वाचावं तसं : "फायरमन." आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला मीच बनवून दिलेली कवळी इतकी नीट बसलेली मी त्या दिवशी प्रथमच पाहिली. मला वाटलं, बरं केलं आपण. असंच राहू दे.

पण मामा नुसतं वाचत नाही. त्याने बारा वर्षं पाटी वाचली आहे. त्याने बोट नावावर ठेवलं आणि ओळीने खाली नेलं, मग वर नेलं.

"वर इंजिन खातं का लिहिलंय?"

"तिथेच लिहायची पद्धत असेल."

"हं." बोट पुन्हा खाली. "फायरमन, फायरमन, फायरमन... बारा आहेत. एका बोटीवर बारा? आमच्या गाडीवर सहा असायचे, आणि गाव केवढं."

"मोठी बोट होती, मामा."

"आणि हा शेवटचा कोळसेवाला. तो ह्यांच्यात कशाला?"

मी गॅसची नळी बघायला उठले. खरंच उठले, याहून मोठी शरणागती माझ्याकडून कधी झाली नव्हती.

"बस," मामा म्हणाला. "दुसरा कागद काढ."

"कुठला?"

"आल्यापासून त्या चेनवरून तू दोनदा हात फिरवलास."

त्याच्यापुढे हात टेकण्याशिवाय मला कधी काही जमलेलं नाही. मी कागद काढून दिला आणि चष्मेवालीने जे सांगितलं तेही सांगितलं, जितकं सपाट सांगता येईल तितकं. भट्टी, कोळसा, फावडं. चार तास पाळी, आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास. मामाने दोन परिच्छेद वाचले. मग कवळी काढून वाटीत ठेवली. तो फार रागावला की असं करतो, म्हणजे त्याचं बोलणं समजत नाही आणि समोरच्याला वाद घालता येत नाही. पण या वेळी तो रागावलेला नव्हता. गाल आत गेले आणि तो एकदम फार म्हातारा दिसला. मला त्याच्याकडे बघवेना. आईचाही राग आला, ती जाऊन अकरा वर्षं झाली तरी.

बऱ्याच वेळाने त्याने कवळी पुन्हा बसवली.

"आत शिरताना मी दर वेळी म्हणायचो," तो म्हणाला. "बाबा, पुढे व्हा. मोठ्याने नाही. मास्कच्या आत. वाटायचं, ह्यांना ठाऊक आहे कुठे पाय टाकायचा."

"मामा, आईला काय माहीत असणार? सात वर्षांची पोर."

"तिला कशाला बोल लावतेस? तिने बरोबरच सांगितलं होतं. अग्निशामक मी केलं." त्याने भिंग कागदावर फिरवलं. "खाली गरम किती असायचं?"

हे मी चष्मेवालीला विचारलं होतं, का ते माहीत नाही. "पन्नासच्या पुढे. कधी कधी साठ. पंख्याजवळ आळीपाळीने उभे राहायचे."

"चार तास?"

"चार तास."

"मी सलग वीस मिनिटांच्या वर कोणाला आत राहू द्यायचो नाही," मामा म्हणाला. "घंटा वाजवून बाहेर काढायचो. शिव्या घालायचे लोक."

त्याने पहिला कागद पुन्हा जवळ ओढला आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. ते बोट तिथेच राहिलं. मग म्हणाला, "शिळेचा अर्ज मागे घेऊ."

आता मात्र माझा संयम सुटला. सहा महिने या माणसाने माझा जीव खाल्ला. नऊ सुट्ट्या, चार नकार, त्या गृहस्थांचे दोन्ही गुडघे, आणि आता हातात शिक्क्याचा कागद आल्यावर हा म्हणतो मागे घेऊ. मी ते सगळं बोलून दाखवलं. वर हेही म्हटलं की कागदावर फायरमन आहे, दलाला फायरमन हवा आहे, तुम्ही कोणाला फसवत नाही, आणि एवढी वर्षं ज्यांना पुढे व्हा म्हणालात त्यांचं नाव तिथे असलं तर कोणाच्या पोटात दुखणार आहे?

मामाने मला बोलू दिलं. संपल्यावर म्हणाला, "पाटीवर माणूस जिथे आहे तिथेच लिहायचा असतो. दुसऱ्या मजल्यावरचा तिसऱ्यावर लिहिला, तर शोधायला गेलेली माणसं चुकीच्या खोलीत जातात. तू सहा महिने कुठे शोधत होतीस?"

 खोली चुकीची होती हे खरं होतं.

मग तो उठला, चहा ठेवला, गॅसची नळी बघितली आणि कपाटातून कोरा फॉर्म काढला. चष्मेवालीने सांगितलं होतं, नाविक दप्तरात एक नोंदवही आहे. युद्धात मालवाहू जहाजांवर गेलेल्यांची नावं तिच्यात घेतात, पण वारसाने मागितलं तरच. इतकी वर्षं कोणी मागितलं नव्हतं. फॉर्म तोच, जो मी चार वेळा भरला होता. पाठच झाला होता. नाव, वय, जहाज. पदनामापाशी मी थांबले.

"फायरमन लिहिते. यादीत तेच आहे. कृपा करून हात धरू नका."

"लिही. पण कंसात आपल्या भाषेत लिही. पुन्हा घरातलं कोणी वाचेल आणि माझ्यासारखा घोळ करेल."

"काय लिहू? भट्टीवाला?"

"भट्टीवाला दारूच्या गुत्त्यावर असतो."

"आग घालणारा?"

"ते पोलिसात जाईल."

"मग तुम्हीच सांगा. कोळसा टाकणारा लिहू?"

"तो दुसरा होता, कोळसेवाला, यादीत वेगळा आहे." मामाने चहा ओतला, एक कप माझ्याकडे सरकवला, आणि बसला. "आग कमी पडली तर बोट थांबते. जास्त झाली तर बॉयलर फुटतो. चार चार तास ती बरोबर राखायची. आग राखणारा. असं लिही."

मी लिहिलं. कंसात, वळणदार अक्षरात. दप्तरात असलं पदनाम आढळणार नाही आणि सबब अर्ज निकाली काढण्यात येईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. पुन्हा सुट्टी टाकावी लागेल, चष्मेवालीच्या दोन्ही चष्म्यांपुढे उभं राहावं लागेल, हेही दिसत होतं. पण माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही.

शेवटचा रकाना सेवासमाप्तीच्या दिनांकाचा. मागच्या चारही वेळा मी तिथे बोट बुडाल्याची तारीख टाकली होती. या वेळीही पेन टेकवलं, तर मामाने हात धरला.

"ती बोटीची तारीख आहे," तो म्हणाला. "त्यांची नाही."

"मामा, रकाना भरावा लागतो. रिकामा सोडला की फॉर्म परत येतो."

"रिकामा नको सोडू. आम्ही लिहायचो तसं लिही."

"काय लिहायचात?"

त्याने कप खाली ठेवला आणि मला मजकूर सांगितला, शब्द सुटा सुटा करून, म्हणजे चूक होऊ नये. मी तो लिहिला, आणि दुसरी ओळ लिहिताना मला अक्षर नीट दिसत नव्हतं.

"आत गेले. बाहेर आल्याची नोंद नाही."